कोणीही पकडेल असा चेंडू

मार्लो फॉल्स, आयोवा
९ मे १९७१

प्रिय व्हर्ना,

हात कसा आहे म्हणून विचारलंस. डावा अंगठा वांग्याच्या रंगाचा झालाय, उजवी करंगळी सरळ होत नाही, आणि छातीवर जे काळं-निळं आहे ते बघून आमच्या घरमालकिणीनं मला दारूडा ठरवलंय. हे सगळं कशानं, तर बेसबॉलच्या एका मरतुकड्या चेंडूनं.

आमच्याकडं नवा पिचर आलाय, लीमन प्रुइट. नवा म्हणजे टीमला नवा, बाकी माणूस सदतीस वर्षांचा आहे, म्हणजे माझ्याहूनही थोरला. तो नकलबॉल टाकतो. तू म्हणशील चेंडू तो चेंडू. ऐक. बाकीचे पिचर चेंडूला फिरकी देतात, त्यामुळं तो कुठं जाणार हे त्यांना ठाऊक असतं, बॅटरच्या मागं बसून झेलणारा कॅचर म्हणून मला ठाऊक असतं, ठाऊक नसतं ते फक्त बॅटरला. हा गृहस्थ बोटांची नखं चेंडूच्या कातड्यात रुतवतो आणि फिरकी न देता नुसता ढकलून देतो. मग तो चेंडू डुलत, थबकत, पत्ता विसरलेल्या पाहुण्यासारखा येतो. कुठं जाणार ते बॅटरला माहीत नाही, मला माहीत नाही, आणि प्रुइटला विचारलं तर म्हणतो, "मी फक्त पाठवतो बाबा, पुढं त्याचं तो बघतो."

बॅटर चकला की शाबासकी प्रुइटला. मी चकलो की चेंडू मागच्या जाळीपर्यंत घरंगळतो, मी तोंडावरचा मुखवटा भिरकावून त्याच्यामागं धावतो, तोवर समोरचे लोक धावेचे टप्पे, म्हणजे बेस, पळून मोकळे, आणि नोंद माझ्या नावावर: कॅचरनं चेंडू सोडला. मला त्यांनी परातीएवढा मोठा ग्लोव्ह दिलाय. काल त्यातूनही दोन गेले.

आमच्या टीममध्ये आणखी एक कॅचर आहे, डेनी क्रेल, विशीतला, गोरागोमटा, क्लबचा लाडका. प्रुइटला त्यानं का पकडू नये म्हणून मी मॅनेजरला विचारलं. तर म्हणतो, "वेडा आहेस का? त्या पोराचे हात म्हणजे क्लबची ठेव आहे." म्हणजे माझे हात भंगारातले.

तुला माहीत आहे मला काय हवंय. वरच्या क्लबमध्ये, खऱ्या मोठ्या लीगमध्ये, एक दिवस. अकरा वर्षं या खालच्या गावांतून बसनं हिंडतोय ते त्या एका दिवसासाठी. या वर्षी बोलावणं आलं नाही तर ओटिसमामाच्या दुकानात कोंबड्यांच्या खाद्याची पोती उचलायची, हे मामानं आणि तू मिळून ठरवूनच टाकलंय. आणि वरचे लोक सगळ्यात आधी बघतात ते हेच, की कॅचरच्या हातून चेंडू किती सुटतात.

ता. क. माझ्या बहिणीचं ब्यूटी पार्लर आहे हे मी मूर्खासारखं बोलून गेलो. प्रुइट आमच्यात बसून बायकांसारखा नखं घासत असतो. त्याचं एक नख चिरतंय, तुझ्याकडं उपाय आहे का विचारतोय. काही पाठवू नकोस.

तुझा,
आल्टन

डिक्सन मिल, टेनेसी
१६ मे

प्रिय आल्टन,

सोबत एक बारीक कानस आणि नखं टणक करायच्या पॉलिशची बाटली पाठवलीय. दोन्ही मिस्टर प्रुइटना दे. सांग, की कानस एकाच दिशेनं फिरवायची, करवतीसारखी नाही. चिरलेलं नख पाण्यात भिजू द्यायचं नाही, म्हणजे भांडी घासायला दुसरं कोणी असेल तर बरं. आहे का कोणी?

तुझं पत्र मी दुकानात वाचून दाखवलं. मिसेस टोलिव्हर हेअर ड्रायरखाली इतक्या हसल्या की मला त्यांचे केस पुन्हा बसवावे लागले. रागावू नकोस. आठ वर्षांचा होतास तेव्हाही मांजर ओरखडलं तर आधी पत्र लिहायला बसायचास, मग औषध लावायचास. अंगठ्याला बर्फ लाव.

ओटिसमामाबद्दल म्हणशील तर मी काहीही ठरवलेलं नाही. मामानं मात्र तुझ्या मापाचा एप्रन शिवून घेतलाय.

व्हर्ना

मार्लो फॉल्स
२० जून

प्रिय व्हर्ना,

तुझे आभार मानावेत की तुझ्या नावानं बोटं मोडावीत ते कळत नाही. बोटं मोडायला शिल्लकच फार थोडी आहेत.

त्या माणसाची नखं आता लोखंडाची झालीत. पूर्वी चेंडू डुलायचा, आता नाचतो. परवा एकाच संध्याकाळी पाच चेंडू मला चुकवून मागं गेले. पाचव्याला लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. एका म्हातारीनं मला पाव फेकून मारला. सामना आम्ही जिंकलो, प्रुइटला खांद्यावर घेतलं, आणि मी पाव झटकत बसलो. त्यावर प्रुइट येऊन काय म्हणाला माहीत आहे? "तुझ्या बहिणीचे हात फार गुणी असणार." पाच चेंडू गेले त्याबद्दल अक्षर नाही.

आता मी तुला भाऊ म्हणून एक विचारतो. नखं टणक करणारी बाटली असते, तशी मऊ करणारीही असेलच. दिसायला तशीच, वास तसाच. एखादं नख तुटलं तर माणूस मरत नाही. महिनाभरात उगवतं. तेवढ्यात मला सरळ चेंडू टाकणारे पिचर मिळतील, वरच्या लोकांना मी काय आहे ते दिसेल, आणि मग प्रुइटला खुशाल नखं वाढवू दे, वेण्या घालू दे. आई असती तर तिनं माझी बाजू घेतली असती.

आल्टन

डिक्सन मिल
२७ जून

आल्टन,

आई असती तर तिनं तुला कानाला धरून त्या प्रुइटपुढं उभं केलं असतं. लाज नाही वाटली? माझ्या दुकानात नखं जपतात. मोडायची असतील तर मामाच्या गोदामाचं दार आहे.

आणि तू ज्याचं नख मोडायला निघालायस त्यानं तुझ्याबद्दल काय लिहिलंय ते वाच. हो, लिहिलंय. बाटलीबद्दल आभाराचं पत्र आलं, मी उत्तर दिलं, सभ्य माणसं देतात. प्रुइट म्हणतात, "आजवर मला बऱ्याच जणांनी पकडलं. सगळे चेंडू गाठायला पुढं झेपावतात, आणि तो तेवढ्यात बाजूला होतो. तुमचा भाऊ एकटाच असा आहे की ज्याला थांबता येतं. त्याच्या हातून पाच गेले, दुसऱ्या कोणाच्या पंधरा गेले असते. पण हे त्याला सांगून उपयोग नाही, तो रागावलेला असतो."

मी सांगितलं. आता रागाव.

व्हर्ना

मार्लो फॉल्स
११ जुलै

प्रिय व्हर्ना,

इतकी भोळी तू कधीपासून झालीस? भावाची स्तुती केली की बहीण खूष होते, हे सदतीस वर्षांच्या ब्रह्मचाऱ्याला कळत नाही असं वाटतं तुला? थांबता येतं म्हणे! मला हलायलाच उशीर होतो, त्याला तो थांबणं म्हणतो.

पण ते जाऊ दे. बाटली नको. मला त्याहून झकास युक्ती सुचलीय, आणि तिच्यात कोणाचं केसभरही नुकसान नाही. उलट सगळ्यांचं भलं आहे. प्रुइटला खाली ओढायचं कशाला? त्याला वर ढकलायचं! तो वरच्या क्लबमध्ये गेला की माझी सुटका. मग मी आणि सरळ चेंडू.

गेल्या आठवड्यात वरून हॅगर्टी नावाचा माणूस आला होता, खेळाडू हेरायला. प्रुइटवर खूष होता, पण एका गोष्टीला अडला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "पिचर चांगला आहे रे, पण याला पकडणार कोण? आमच्या कॅचरचे हात गेले तर?" मी म्हटलं, "छे हो! दिसतं तसं काही नाही. सुरुवातीला दोन दिवस जड जातं, मग कोणीही पकडेल. माझी बहीण पकडेल, आणि ती पार्लर चालवते." तो हसला, पाठ थोपटली, म्हणाला, पुन्हा येतो.

आता तो पुन्हा येईल तेव्हा हे सोपं दिसायला हवं. म्हणून रोज सकाळी मी प्रुइटला मैदानावर नेतो आणि ऊन चढेपर्यंत पकडत बसतो. सरळ बसायचं, हात सैल सोडायचा, आणि चेंडू अगदी दारात येईपर्यंत त्याच्याकडं दुर्लक्ष केल्यासारखं करायचं. गेल्या तीन सामन्यांत एकही गेला नाही. कोणाला सांगू नकोस, पण काही वेळा मजा येते. चेंडू डावीकडं निघतो, मग त्याला काहीतरी आठवतं, मग तो खाली येतो, आणि माझा हात तिथं आधीच असतो. प्रुइट लांबून टोपी काढतो. या माणसाला सकाळी सहालाही हसू कुठून येतं कोण जाणे.

आल्टन

डिक्सन मिल
१८ जुलै

आल्टन,

मला बेसबॉलमधलं फार कळत नाही. पण दुकान चालवणं कळतं. मी जर गावभर सांगत सुटले, की केस काय, कोणीही कापेल, तर माझ्याकडं कोण येईल?

पुन्हा वाच हे. आणि त्या हॅगर्टीला गाठून खरं काय ते सांग. मला उगाच मध्ये ओढलंस ते वेगळंच.

मिस्टर प्रुइटच्या मधल्या बोटाला म्हणावं एरंडेल लावा. मी त्यांना लिहिलंच आहे, पण पुरुषांना दोनदा सांगावं लागतं.

व्हर्ना

मार्लो फॉल्स
१४ ऑगस्ट

प्रिय व्हर्ना,

मागच्या पत्राला उत्तर दिलं नाही कारण तू बायकी शंका काढत होतीस. आता देतो.

हॅगर्टी आला. त्या दिवशी वारा प्रुइटच्या तोंडावर होता, म्हणजे नकलबॉलला सणच. सामन्याच्या नऊही इनिंगमध्ये मी एकही चेंडू सोडला नाही. मी खुर्चीत बसून शेंगा खाल्ल्यासारखा पकडत होतो. एकदा तर मी पकडता पकडता जांभईसुद्धा दिली, मुद्दाम. हॅगर्टी उठून उभा राहिला. सामना संपल्यावर म्हणाला, "मॅब्री, तू म्हणालास ते खरं आहे बुवा. काहीच त्रास नाही."

चार दिवसांपूर्वी मॅनेजरनं सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. प्रुइटला वर बोलावलंय. मी त्याला मिठीच मारली. मग मॅनेजर म्हणाला, "आणि त्याला पकडायला डेनी क्रेल."

मी म्हटलं, "डेनीनं त्याचा एक चेंडू पकडलेला नाही!"

"मग काय झालं? तूच तर म्हणालास, कोणीही पकडेल. कोणीही पकडणार असेल तर क्लब आपलं लाडकं पोर नेईल की तुला?"

डेनी जाताना माझा परातीएवढा ग्लोव्ह मागून घेऊन गेला. "काही टीप?" म्हणून विचारत होता. मी म्हटलं, "पुढं झेपाव." हे मी म्हणायला नको होतं, मला कळतं. प्रुइटनं ते ऐकलं. त्यानं फक्त माझा खांदा दाबला आणि म्हणाला, "मी त्यांना सांगतो." कोणाला, काय सांगतो ते म्हणाला नाही.

आता सरळ चेंडू मिळताहेत ना? मिळताहेत. काल पहिलाच सरळ चेंडू, वेगाचा, ठरल्या जागी येणारा, मी वाट बघत बसलो आणि तो येऊन खांद्यावर आदळला. हाताला आता उशीर करायची सवय झालीय. आणि कंटाळा येतो गं. सगळं ठरल्याप्रमाणं येतं.

तू म्हणाली होतीस हे तू लिहू नकोस. मला माहीत आहे तू म्हणाली होतीस.

आल्टन

डिक्सन मिल
३० ऑगस्ट

प्रिय आल्टन,

मी काही म्हणत नाही. बर्फ लाव.

पेपर तुमच्याकडं येतो की नाही माहीत नाही म्हणून लिहिते. पहिल्या सामन्यात डेनीच्या मागं सहा चेंडू गेले. सातव्याला त्याचं बोट मोडलं. त्यांनी दुसरा कॅचर लावला, त्याचे चार गेले आणि तो मैदानातच ग्लोव्ह आपटून म्हणाला की मी डोंबाऱ्याच्या खेळात भरती झालो नव्हतो. लीमन लिहितात की ते रोज मॅनेजरला एकच वाक्य सांगतात: आयोवातून मॅब्रीला आणा. मॅनेजर हॅगर्टीला विचारतो, आणि हॅगर्टी म्हणतो, त्या मॅब्रीनंच सांगितलंय की सोपं आहे, दोष आपल्या पोरांचा आहे.

डेनीला पत्र लिही. तुला लिहिता येतं, तेवढं एक तुला येतंच. तो हॉस्पिटलात आहे आणि त्याला वाटतंय की जे कोणीही करू शकतं ते त्याला जमलं नाही. एवढं मोठं ओझं त्या पोरावर ठेवू नकोस. मी तुझी बहीण आहे म्हणून सांगते, हे वाचून मला रात्रभर तुझा राग आला होता.

व्हर्ना

हॉटेलवरून
२२ सप्टेंबर

प्रिय व्हर्ना,

डेनीला लिहिलं. उत्तर आलं नाही. यायला नको, बरोबर आहे.

मी वर आलो. चार दिवसांपूर्वी फोन आला. तिसऱ्या कॅचरनं पाठदुखीचं निमित्त काढलं म्हणून. मैदान काय सांगू! गवत असं, की त्यावर बूट घालून चालायला संकोच वाटावा. माझ्या नावाचा शर्ट होता. नाव बरोबर लिहिलेलं. मी तो घालून न्हाणीघरात जाऊन थोडा वेळ उभा राहिलो, आरसा तिथंच होता म्हणून.

काल रात्री प्रुइट टाकत होता आणि मी पकडत होतो. व्हर्ना, असं मी कधी पकडलं नाही, आणि आता पकडणारही नाही. तो चेंडू काल सैतान झाला होता. एक तर बॅटरच्या पायाशी गेला, मग वर आला, मग त्याच्या नि माझ्या मधे टेकला. मी थांबलो. प्रत्येक वेळी थांबलो. नऊच्या नऊ इनिंग. एकही गेला नाही, एकही हातातून उडाला नाही. आम्ही दोन-एकनं जिंकलो. शेवटचा चेंडू माझ्या ग्लोव्हमध्ये बसला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही.

आज सकाळी इथल्या मॅनेजरनं आम्हा दोघांना खोलीत बोलावलं. मला वाटलं, आता कायमचं. म्हणाला, "प्रुइट, वाईट वाटून घेऊ नकोस. पण तुझ्या चेंडूतला दम गेलाय."

मी म्हटलं, "आपण जिंकलो!"

"समोरची टीम थकलेली होती, सप्टेंबर आहे. मागच्या सामन्यांत चेंडू कॅचरला चुकवून जाळीपर्यंत जात होते, तेव्हा त्यात काहीतरी होतं. काल? मी स्वतः बघितलं. खालच्या लीगमधून काल आलेला एक माणूस आरामात झेलत होता. पुढच्या वर्षी तुम्हा दोघांची गरज नाही."

मी सांगितलं, की साहेब, ते आरामात नव्हतं. ते कोणालाही जमत नाही, मला जमतं. तर तो म्हणाला, "हॅगर्टीला तूच म्हणालास ना, कोणीही पकडेल?"

"मी खोटं बोललो होतो."

"मग काल इतकं सोपं का दिसलं?"

पेपरवाल्यानंही लिहिलंय, की प्रुइटचा चेंडू मवाळ होता, कॅचरला फारसं काम पडलं नाही. माझं नाव नाही.

बाहेर आल्यावर प्रुइट जिन्यावर बसला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मीही हसलो असतो, पण माझा तो दिवस होता, व्हर्ना. अकरा वर्षं ज्याच्यासाठी काढली तो. तो आला, मी तो नीट पार पाडला, आणि तो कोणीच पाहिला नाही.

शनिवारच्या बसनं येतो. प्रुइटही त्याच बसनं डिक्सन मिलला येतोय म्हणतो. कशासाठी ते विचारलं तर कान लाल झाले. तुम्ही दोघांनी मला मूर्ख समजू नये.

आल्टन

डिक्सन मिल
२४ सप्टेंबर

प्रिय आल्टन,

हे पत्र तू येण्याआधी पोचेल की नाही माहीत नाही, पण तोंडानं बोलले तर तू मध्येच काहीतरी बोलशील आणि माझं राहून जाईल, म्हणून लिहिते.

तू म्हणतोस कोणी पाहिलं नाही. मी पाहिलं नाही हे खरं. मी रेडिओवर ऐकलं. दुकान लवकर बंद केलं, मिसेस टोलिव्हर डोक्याला रोलर लावून तशाच बसून राहिल्या, म्हणाल्या, हा पोरगा आपला आहे, केस काय उद्याही होतील. ओटिसमामाही आला, आधी म्हणाला मला वेळ नाही, आणि मग शेवटपर्यंत उभाच होता.

इतके दिवस लीमनचे सामने मी ऐकत होते ना, त्यात तो रेडिओवाला सारखा कॅचरचं नाव घ्यायचा. क्रेल मागं धावतोय, क्रेलच्या हातून सुटला, क्रेल शोधतोय. दुसऱ्याचंही तसंच. मला कळलं, की चेंडू गेला तरच त्याला कॅचर आठवतो. म्हणून त्या रात्री मी देवाजवळ एकच मागत होते, की याच्या तोंडी माझ्या भावाचं नाव येऊ देऊ नकोस.

प्रत्येक चेंडूला मी श्वास धरत होते. लीमन टाकतात, तो सांगतो, बॅट फिरली, चुकला, आणि मग क्षणभर गप्प. तिथं मी डोळे मिटायची. आणि तो पुढच्या चेंडूबद्दल बोलायला लागायचा. सातव्या इनिंगला मामा म्हणाला, "अगं, आपला पोरगा खेळतोय ना नक्की? याचं नावच घेत नाही." मी म्हटलं, "मामा, गप्प बसा, तो खेळतोय म्हणूनच घेत नाही." आणि मला रडू फुटलं, सगळ्यांच्या देखत.

नऊ इनिंग संपल्या, आल्टन, आणि त्या माणसानं एकदाही मॅब्री म्हटलं नाही. इतकी अभिमानाची संध्याकाळ माझ्या आयुष्यात दुसरी झालेली नाही.

व्हर्ना